नानांचा बिनपाण्याचा वाफा

नानांच्या फुलांच्या वाफ्याजवळ पाण्याचा पेला घेऊन उभं राहायची सोय नव्हती. ते उठून येत, पेला काढून घेत, पाणी स्वतः पिऊन टाकत आणि रिकामा पेला परत देत. माझ्या नणंदेवर हा प्रसंग आला, तेव्हा ती थेट घरात पळाली.

नाना म्हणजे निवृत्त पाटकरी. कालव्याचं पाणी पाळीपाळीने शेतांत सोडण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. भडगावात ते आमच्या समोर राहत. "जल्मभर लोकेस्ले पानी दिन्हं, ताई," ते म्हणत, "आते कोनले देवाव नही."

खरं कारण वेगळं होतं. नानी असताना अंगणात पंचवीस कुंड्या होत्या. मुलगी सुरतेला दिलेली. पण नानी तिच्याकडे चार दिवसांच्या वर कधी राहिली नाही. पाणी कोण घालणार, एवढ्यावर भरलेली बॅग पुन्हा माळ्यावर जाई. नानी गेल्यावर नानांनी कुंड्या वाटून टाकल्या आणि ठरवलं की, उन्हाळाभर घराला कुलूप लावलं तरी फुलेल असा वाफा करायचा आणि मगच मुलीकडे राहायला जायचं. मुलीचे फोन येत. "वाफा लागू दे, मग येस," हे तिला दोन वर्षं ऐकावं लागलं.

वाफा त्यांनी नीट केला होता, हे कबूल करायला हवं. खाली मुरूम, वर माती, त्यात कोरांटी, सदाफुली आणि चिनी गुलाब, आणि सगळ्यावर केळीच्या वाळक्या पानांचा जाड थर. तण नाही, खुरपणी नाही, पाणी तर नाहीच.

अडचण गल्लीची होती. आमच्याकडे नळ येतो आठ दिवसांनी. नळ आला की घरातलं भरलेलं पाणी त्याच क्षणी शिळं होतं. सकाळपर्यंत जे घोटाघोटाने वापरलं, ते ड्रमच्या ड्रम ओतून द्यायचं आणि ताजं भरायचं. ओतायचं तरी कुठे? समोर नानांचा कोरडा वाफा. गल्लीतल्या सिंधूअक्का बादली घेऊन सगळ्यांत पुढे. "बिचारा वाळी ग्यात हो, नाना!"

"अक्का, हाऊ मना वाफा शे, तुनी मोरी नही!"

पण अक्कांमागे पाच बादल्या उभ्या असत. पहिल्या वर्षी सदाफुली मुळापासून कुजली. नानांनी पाटी लावली: 'पाणी टाकू नये. झाडे मरतील.' बायकांना वाटलं, म्हातारा दुःखाने भ्रमिष्ट झाला. मग त्या नाना जेवायला बसले की पाणी टाकू लागल्या.

त्यानंतर नळाच्या दिवशी नाना छत्री आणि काठी घेऊन वाफ्याशेजारी खुर्ची टाकून बसू लागले. सकाळी सहा ते बारा. मी एकदा सांगून पाहिलं, "नाना, माझ्या गुलाबांना रोज दहा मिनिटं लागतात. तुमच्या बिनकामाच्या वाफ्याला सहा तास."

"गुलाबले तुमी लागतस," नाना म्हणाले. "ह्याले मी लागत नही."

दुसऱ्या वर्षीचा उन्हाळा आला. मुलीने निरोप धाडला: आता आला नाहीत तर मीच येऊन वाफा उपटते. नानांचा चेहरा उतरला. मला हा सगळा प्रकार असह्य झाला होता. मी मजूर लावला, वाफ्याच्या अलीकडून चर खणवला, तो थेट माझ्या लिंबाच्या आळ्यात नेला आणि चराच्या तोंडाशी पाटी ठोकली: 'शिळे पाणी येथे ओतावे.' पुढच्या नळाच्या दिवशी साऱ्या बादल्या चरात गेल्या. बायकांना ओतायला जागा हवी होती, झाड कुठलं याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

"नाना, जन्मभर पाणी वळवलंत. हे तुम्हाला सुचू नये?"

"मी रिटायर शे," नाना म्हणाले आणि बॅग काढायला गेले.

तीन महिने ते सुरतेहून रोज फोन करत. "ताई, काही करं नही ना?" मी म्हणे, "काही नाही." पारा पंचेचाळीसला टेकला तेव्हा माझा हात दोनदा बादलीकडे गेला होता, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आषाढात ते आले. कोरांटी पिवळीजर्द, चिनी गुलाब पानांच्या थरावर पसरलेला. नाना बराच वेळ उकिडवे बसून पाहत राहिले. मी म्हटलं, "झालं की तुमच्या मनासारखं."

"व्हयनं," ते म्हणाले. "आते मना आठे काय काम शे?"

मला वाटलं, गंमत करतात. पण चौथ्या दिवशी ते मोठी बॅग घेऊन स्टँडवर निघाले, कायमचे. किल्ली देऊ लागले तेव्हा मी विचारलं, घरात काय काय बघायचं?

"काहीच नही."

मी स्टँडपर्यंत पोहोचवायला गेले. सुरतेच्या गाडीत खिडकीशी बसून ते शेजारच्या प्रवाशाला वाफ्यात मुरूम किती घालायचा ते सांगत होते. मला घरी कामं पडली होती. तरी गाडी फाटकाबाहेर वळेपर्यंत मी तिथेच उभी राहिले.