पांढऱ्या साड्यांचा फोटो

वैशाख पौर्णिमेला आमच्या वाडीतल्या बायका पांढऱ्या साड्या नेसून विहारात वंदनेला येतात. यंदा त्यांचा फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण कॅमेरा माझ्याकडे होता. तो मला वापरता येतो का, हे कुणी विचारलं नाही. मी रत्नागिरीत कारकून आहे. न येणारी कामं अंगावर घ्यायची मला सवय आहे.

कॅमेरा ‘ऑटो’वर होता. उजेड किती घ्यायचा ते तोच ठरवतो. विहाराच्या अंगणात मी बटण दाबलं आणि फोटो मुंबई मंडळाच्या ग्रुपवर टाकला. आमच्याकडचे निम्मे पुरुष मुंबईत असतात आणि वाडीचं सगळं तिथूनच ठरतं. हा फोटो मोठा करून विहारात लावायचा, हेही तिथूनच ठरलं होतं. थोड्या वेळाने उत्तर आलं, ‘बायकांनी साड्या धुतल्या नव्हत्या काय?’

साड्या खरंच राखाडी दिसत होत्या. आईने ते उत्तर माझ्याकडून वाचून घेतलं आणि ती जेवली नाही. सणाच्या आधी नीळ किती घालायची हे विचारायला वाडी तिच्याकडे येते. फोटोत ती पहिल्या ओळीत मधोमध होती आणि आता तशीच कायमची भिंतीवर लागणार होती. मला फार वाईट वाटलं. परत काढू, एवढंच मी म्हणालो.

पुढच्या रविवारी सगळ्या परत आल्या. आईने सगळ्यांच्या साड्या गोळा करून, नीळ आणि खळ चढती घालून कातळावर वाळवल्या होत्या. वर मागच्या भिंतीला पांढरी चादरही टांगली. पांढऱ्याला कुठे कमी पडू द्यायचं नाही, असा निर्धार होता. मी बटण दाबलं. साड्या आणखी मळक्या आल्या आणि चेहरे कोळशासारखे.

"नीळ जास्ती झाली गो," काकी म्हणाली. आईचे डोळे भरून आले.

मी पायरीवर बसून मोबाईलवर एक्सपोजरचा व्हिडिओ लावला. बायका तोवर उन्हात चादरीसमोर बसून होत्या. व्हिडिओ संपल्यावर मी आईला समजावलं. कॅमेऱ्याला साडी कळत नाही, माणूस कळत नाही. समोरचं सगळं मिळून राखाडीच असणार, असं तो धरून चालतो. पांढरं जास्त दिसलं की त्याला वाटतं ऊन जास्त झालं, आणि तो उजेड कमी करतो. म्हणजे ती जितकं पांढरं वाढवत होती, तितकं तो मळवत होता.

आई चादरीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे आपल्या अंगावर एवढा पांढरा असंल, ह्या त्याला पटतच नाय."

"तसंच काहीसं."

"मग सांग त्याला."

सांगायची सोय होती. अधिक-उण्याचं एक बटण होतं, ते मी अधिकच्या बाजूला सरकवलं. साड्या पांढऱ्या आल्या. चेहरे ओळखू आले, काकी तोंड उघडं ठेवून बसली होती तेही आलं. फोटो ग्रुपवर गेला. मंडळाचं उत्तर आलं, ‘आता कशा स्वच्छ धुतल्यात!’

आईने ते दोनदा वाचायला लावलं.

"लिव," ती म्हणाली. "पयल्यापासून पांढऱ्याच होत्या."