भोंग्याच्या दहा मिनिटं आधी

माझी दोन्ही लेकरं आज माझ्याजवळ आहेत ती भोंगेवाल्या आबाजींमुळे. हे आधी सांगते, बाकीचं मागून. आणि आधी सांगितल्याशिवाय काहीच न करणारा असा माणूस आमच्या देवरीत काय, अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात दुसरा नसेल. शिंक येणार असली तरी ते हात वर करून समोरच्याला सावध करायचे. कुणाकडे जायचं तर आधी दारात येऊन सांगणार, "मी दहा मिनिटांनी येऊन राहिलो," आणि खरंच घरी जाऊन दहा मिनिटांनी परत येणार. पहिल्या वेळी मी म्हटलं, "आलाच आहात तर बसा की." तर म्हणाले, "आता कसा बसू बाई? आता तर मी सांगाले आलो." भांडणाचंही तेच. कोपऱ्यावरच्या पानवाल्याला एकदा बजावून आले, "दहा मिनिटांनी मी तुले शिव्या देणार आहो." परत गेले तोवर त्याने त्यांच्यासाठी चहा मागवून ठेवला होता. शिव्या राहिल्याच.

याला कारण होतं. आबाजींचा जन्म राइस मिलचा भोंगा वाजवण्यात गेला. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी अवेळी भोंगा दिला आणि फाटकात उभी असलेली धानाची बंडी घेऊन बैल उधळले. बंडी नालीत, धान रस्त्यावर, एका बैलाचं शिंग मोडलेलं. तेव्हापासून प्रत्येक भोंग्याच्या दहा मिनिटं आधी ते फाटकापासून आमच्या चाळीच्या टोकापर्यंत "वाजणार आहे बाप्पा, वाजणार आहे!" असं ओरडत फिरायचे. पुढे मिलमध्ये आपोआप वाजणारा भोंगा आला, आबाजी घरी बसले, आणि मग ती सवय त्यांनी उरलेल्या सगळ्या आयुष्याला लावली.

आम्ही इथे आलो ते त्यानंतर. कोल्हापुराकडून निघालेली गाडी जिथे संपते, तिथून पुढे पुन्हा बस. हे मिलमध्ये फिटर. माझी शाळा सातवीत सुटलेली, माणसं अनोळखी, बोली निराळी, आणि पदरात दोन लेकरं. एकाच पोटची, पण एक पूर्वेला तोंड करून बसेल तर दुसरं पश्चिमेला. दादू पाच वर्षांचा. भाताला वरण लागलं की ताट लोटणार, नवा सदरा घातला की अंगावर आग पडल्यासारखा ओरडणार, आणि भोंगा वाजला की भिंतीवर डोकं आपटणार. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी पाच. छकुली तीन वर्षांची, ती कधी रडतच नसे. मी देवाचे आभार मानायचे की एक तरी गुणाचं दिलंस.

चाळीतल्या बाया विचारायच्या, "काऊन वो, पोट्ट्याच्या अंगात येते का?" गोंदियाच्या डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहून दिलं, ते मला पुरतं समजलं नाही. शेवटी ह्यांनी ठरवलं, दिवाळीला गावी जायचं आणि दादूला त्यांच्या आईकडे ठेवून यायचं. "तिथं भोंगा नाही," हे म्हणायचे. मी त्याचे सदरे वेगळे काढून ठेवायला लागले होते.

अशात एके दिवशी आबाजी सांगून, परत जाऊन, पुन्हा आले ते नेमके एक वाजायला दहा मिनिटं कमी असताना. दादूसमोर बसले आणि मनगटावरचं घड्याळ त्याच्या नाकाशी धरलं. "हा काटा इथं आला का भोंगा वरडते. आपण त्याच्या आधी वरडू." काटा जवळ आला. म्हाताऱ्याने असा आवाज काढला की माझ्या हातातलं भांडं पडलं. दादू बघत राहिला. भोंगा वाजला, तेव्हा त्याने कान धरले, थरथरला, पण भिंतीकडे गेला नाही. त्यानंतर आबाजी दिवसातून तीनदा यायला लागले, म्हणजे सांगायला येणं धरून सहादा. पंधरा दिवसांत दादूही त्यांच्याबरोबर ओरडू लागला. चाळीला एकाचे दोन भोंगे झाले. बाया म्हणाल्या, "पहिले एक पागल होता, आता दोन झाले."

एकदा मात्र दारात येऊन म्हणाले, "आज मी पोट्टीकडे येऊन राहिलो." दहा मिनिटांनी आले ते खिशात मुरमुरे घेऊन. छकुलीने डावा हात पुढे केला. आबाजी म्हणाले, "उजवा कुठी आहे?" उजवा फ्रॉकच्या घेरात होता. त्यांनी हळूच काढला. मनगटावर दादूच्या दातांचे वण, काही जुने, एक ताजा. मी आई, एकाच खोलीत राहणारी, आणि मला ते दिसले नव्हते.

"रडते त्याच्याकडे सारेच पाहतेत बाई," आबाजी म्हणाले. "ही रडत नाही म्हून हिचं दुखत नाही का? त्याले आवाजाची वर्दी पाहिजे. हिले आवाजच पाहिजे." आणि त्यांनी गळ्यातली जुनी ड्युटीची शिट्टी काढून तिच्या गळ्यात घातली. दुखलं की फुंकायची. पण दादू शिट्टीला बिचकणार, म्हणून फुंकण्याआधी विचारायचं, "दादा, वाजवू?" तिचा पहिला मोठा आवाज, त्या शिट्टीचा, मी त्या दिवशी ऐकला. तो ऐकून मला हसू आलं नाही. आजही येत नाही.

दिवाळी आली, बॅगा भरल्या. दादूचे सदरे वेगळ्या पिशवीत तसेच होते. आबाजी दारात उभे राहून ह्यांना म्हणाले, "फिटरबाबू, दहा मिनिटांनी मी तुमाले बोलणार आहो. तयार राहा." ती दहा मिनिटं हे खाटेवर नुसते बसून होते. एकदा पिशवीकडे बघत, एकदा दाराकडे. आबाजी आले, बसलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "माह्या भोंग्यानं बैल बिचकले, तं मालकानं बैल नाही विकले. भोंगेवाल्याले शिकवलं." आणि गेले.

आम्ही चौघे गावी गेलो आणि चौघेच परत आलो.

परत आलो तर आबाजींच्या दाराला कुलूप. अर्धं अंग गेलं, आणि मुलगा त्यांना चिचगडला घेऊन गेला. शिंकेचीसुद्धा वर्दी देणारा माणूस न सांगता गेला. दादू कितीतरी दिवस भोंग्याआधी त्या कुलपापाशी जाऊन उभा राहायचा. आता घड्याळ मी धरते. माझ्याने तसं ओरडवत नाही. काही दिवस जमतं, काही दिवस पुन्हा भिंत. शाळेचं काय होणार, ठाऊक नाही.

मागे त्यांच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "नका येऊ बाई. बाबाले ओळख राहिली नाही. कोणी आलं का दचकतेत, रडतेत."

आबाजी, मी येणार आहे. तुम्ही केलंत ते फेडायला एक दिवस नक्की येणार. पण आधी तुमच्या दाराबाहेरूनच हाक मारीन, की मी दहा मिनिटांनी येऊन राहिले. मग दोन्ही लेकरांचे हात धरून पूर्ण दहा मिनिटं बाहेर उभी राहीन.