काचेवरचा मोर

तो सिनेमागृहांसाठी जाहिरातीच्या काचा रंगवायचा. गांधीबागेत बसायचा आणि चष्मा पुसल्याशिवाय उत्तर देत नसे. त्याची आधीची नक्षी, पडद्यावर फिरणारी समई, दुसऱ्या पेंटरने आठवड्यात नक्कल करून उचलली होती. म्हणून नव्या मोराची चित्रं त्याने नक्षीच्या हक्काच्या नोंदणीसाठी कलकत्त्याच्या पेटंट कचेरीत पाठवली. एक काच दुसरीवर सरकवली की पडद्यावर पिसारा उलगडायचा. नोंदणीआधी नक्षी लोकांना दिसली तर हक्क जातो, म्हणून काचा रुमालात बांधलेल्या.

ज्याची जाहिरात होती तो कापडवाला रोज यायचा. “दिवाळी आली ना गा, काहून दाबून बसला?”

चष्मा पुसून तो म्हणे, “कागद येऊ द्या, शेठ.”

कलकत्त्याहून विचारणा आली: पिसारा उलगडतानाची पाच चित्रं पाठवली आहेत, त्यांतली नोंदवायची नक्षी कोणती? मी शेजारीच अर्ज लिहून द्यायला बसायचो; उत्तर त्याने माझ्याकडून इंग्रजीत लिहून घेतलं. “लिहा भाऊ, मोर एकच आहे. तो हलून राहिला.”

दिवाळीच्या चार दिवस आधी नोंदणीचा कागद आला. त्याच संध्याकाळी पडद्यावर पिसारा उलगडला. पुढच्या रांगेत तो दुसरा पेंटर वहीत भराभर रेघा ओढत होता. मी बोटाने दाखवलं.

“काढू द्या त्याले,” तो लगेच म्हणाला. चष्मा डोळ्यांवरच होता.