आबांचं इमान

आमच्या गावात विमानाला इमान म्हणतात. त्यामुळे माझ्या वडिलांची, आबांची, थट्टा करणं सगळ्यांना सोपं गेलं. लढाईच्या काळात गिरणा नदीच्या काठी जपानी विमान पडलं आणि त्याचा पत्रा आपण उचलून आणला, असं आबा सांगत. तो बाकदार पत्रा आमच्या चुलीजवळच्या गुळाच्या डेऱ्यावर झाकण म्हणून असे. लग्नकार्यात काका भर पंगतीत म्हणत, "भाऊनं इमान खोटं शे!" पंगत हसे. आबाही हसत, पण मग पानात काही मागून घेत नसत.

बहात्तरच्या दुष्काळाआधी आबा गेले. दहाव्याला कुणीतरी तोच विनोद पुन्हा केला. धुळ्याला मी शिक्षिका होते; शाळेवर परतताना पत्रा पिशवीत घातला. खरं काय ते मला कळायला हवं होतं, खोटं निघालं तरी.

धुळ्याच्या भंगारवाल्याने तो हातातही घेतला नाही. "हाऊ बसना पत्रा शे, अक्का. असा बठ्ठा ढीग पडेल शे आठे."

"मग बसचा दाखवा."

त्याने ढिगातून एक ओढून दिला. दोन्ही शेजारी ठेवून मी बोट फिरवलं. बसच्या पत्र्यावर रिव्हेटांची डोकी बोटाला लागत होती. आमच्या पत्र्यावर ती पृष्ठभागात बुडवलेली होती. नखही अडकत नव्हतं. वारा अडू नये म्हणून विमानाला तशी बसवतात, हे नंतर वाचनालयातल्या विमानदुरुस्तीच्या जुन्या इंग्रजी पुस्तकात सापडलं.

पण विमान कुणाचं, हे राहिलंच होतं. काजळी राखेने घासली तर खुणाही जातील, म्हणून शाळेतून आल्यावर रॉकेलच्या बोळ्याने थोडी थोडी पुसत गेले. आतल्या बाजूने हिरवट रंग निघाला, मग कडेला ठोकलेले आकडे, आणि त्यांच्याशेजारी तांदळाएवढा मुकुट. पुस्तकातल्या तपासणीच्या शिक्क्यांशी तो भिंगाखाली ताडून पाहिला. इंग्रजांचाच.

विमान खरं, पण जपानी नव्हे. अर्धंच सांगावं, असं वाटून गेलं. पण उरलेलं अर्धं उद्या कुणी काढलं असतं, तर आबा पुन्हा खोटे ठरले असते.

वर्षश्राद्धाला मी पत्रा आणि भिंग काकांच्या हातात दिलं. "इमानच शे, काका. पन जपानी नही, इंग्रजसनं."

काकांनी भिंग लावून मुकुट पाहिला. "मंग भाऊ इतला वरीस जपानी का सांगे?"

तेव्हा लढाई जपानशी होती. पडलं ते शत्रूचंच असणार, असं आबांनी धरलं असावं, असं मी म्हणाले.

"म्हंजे देश चुकना," काका हळूच म्हणाले. "इमान नही."

मग स्वतः उठून त्यांनी पत्रा डेऱ्यावर ठेवला, मुकुट सगळ्यांना दिसावा म्हणून आतली बाजू वर करून. तसा तो बसेना, डुलत राहिला.

"उलटा करा, भाऊजी," आई म्हणाली. "मुंग्या जातीन डेरामा."