पटवारी विरुद्ध पोट

जगात कोणतीही मोठी गोष्ट पोटासाठी घडत नाही, यावर मनापासून विश्वास असलेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो जन्मभर पटवारी होता. माझे चुलतसासरे, आमचे काकाजी. बांध कोणी कोरला, वाटणीत कोणत्या भावानं कोणाचा गळा धरला, हे लिहून लिहून ज्यांची बोटं वाकडी झाली, त्यांनीच संध्याकाळी हात धुऊन सांगायचं की इतिहास जमिनीनं घडत नाही, माणसाच्या मनानं घडतो. इतिहास पोट आणि पैसा घडवतो असं सांगणारा ऐतिहासिक भौतिकवाद त्यांच्या डोळ्यात कुसळासारखा सलायचा. घरात त्याचं नाव घेणारं दुसरं कोणी नव्हतं, तरी काकाजी बारशात, साक्षगंधात, कोणी गेल्यावर बसायला आलेल्या माणसांतसुद्धा त्याचं खंडन करायचे. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही. माणूस कशासाठी जगतो, एवढंच विचारलं. मी सकाळचा उपाशी, आतून पोह्यांचा वास येत होता. "पोटासाठी," म्हणालो. काकाजींचा या स्थळाला विरोध झाला. लग्न झालं ते मुलीच्या हट्टानं, आणि पुढे काकाजी तेही पुरावा म्हणून वापरू लागले: या पोरीनं याच्यात कोणता आर्थिक फायदा पाहिला असंल? उत्तर माझ्याकडेही नाही.

त्यांचा खरा विरोधक वर्ध्याजवळच्या आंजीला होता, कापडाचं मोठं दुकान असलेला एक शेठ. हे शेठ कट्टर साम्यवादी. गादीवर बसून साडीचा पदर उलगडता उलगडता ते बायाबापड्यांना सांगायचे, की साधनं ज्याच्या हातात, लोकांची डोकीही त्याच्याच हातात. बाया म्हणायच्या, भाव सांगा. दर रविवारी काकाजी तिथे वाद घालायला जायचे. एसटी चुकली की माझी स्कूटर. मग मी कापडाच्या गठ्ठ्याला टेकून ऐकत बसायचो आणि बहुतेक वेळा झोपायचो. पण एक रविवार लक्षात आहे. काकाजी म्हणाले, "छप्पन साली माह्या बापानं धर्म बदलला. त्या दिवशी ताटात एक भाकर जास्त आली नाई. उलट पाटलाच्या वावरातली सालदारी गेली. मंग काऊन बदलला?"

शेठ शांतपणे म्हणाले, "पुढं पोरं शिकली. तू पटवारी झाला. फायदा झालाच ना?"

"ते मागून आलं. आधी बाप म्हणे, तुमी म्हणता तो मी नाई. एवढंच. अन् तुले सांगू? तुह्या सिद्धांताविरुद्धचा मोठा पुरावा तूच हाय. गादीवर बसून गादीच्या उलट बोलते."

शेठ इतके हसले की त्यांना खोकला लागला. खोकला पुढे थांबलाच नाही. फुप्फुसाचं दुखणं निघालं.

शेवटच्या महिन्यांत काकाजी रोज जायचे. एक दिवस शेठनी दोन्ही मुलांना समोर बसवून सांगितलं, की भटजी नको, विधी नको, देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यायचा. मुलं हो म्हणाली. ती खाली गेल्यावर शेठ काकाजींना म्हणाले, "पटवारी, हे नाई ऐकणार. तू उभा राह्यजो."

शेठ गेले त्या सकाळी मीच काकाजींना घेऊन गेलो. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं, ओट्यावर तिरडी बांधणं चाललेलं, भटजी येऊन बसलेले. थोरल्या मुलानं काकाजींचे पाय धरले, रडला, आणि मग अगदी नम्रपणे सांगितलं, की समाजातलं गिऱ्हाईक तुटन, भावकी दाराशी येणार नाई, पोरीचं जमून राह्यलं ते मोडन. "बाबुजीचं बाबुजीपाशी राह्यलं, काकाजी. आमाले याच बजारात बसायचं हाय."

काकाजी दारात उभे राहिले. मला वाटलं, आता जन्मभराचा सगळा वाद बाहेर येईल. पण ते एवढंच म्हणत राहिले, "त्याचा शब्द हाय बावा. शब्द हाय त्याचा." धाकट्यानं त्यांना खांद्याला धरून बाजूला खुर्चीवर बसवलं, गिऱ्हाइकाची वाट अडवणारा ठोकळा सरकवावा तसं. कोणीतरी चहा आणून दिला. मंत्र सुरू झाले. मीही काही बोललो नाही. जावयानं परक्या घरी काय बोलायचं, ही माझी तेव्हाची आणि कायमचीच सोय.

परतताना ते स्कूटरवर मागे बसले होते. वर्ध्याच्या अलीकडे म्हणाले, "जिंकला तो."

"कोण, काकाजी?"

"शेठ. दुकानापुढं शब्द टिकला नाई. जनमभर हेच सांगत होता मले." आणि थोड्या वेळानं, "हरला असता तं बरं झालं असतं."

त्यानंतर काकाजींनी वाद घालणं सोडलं. आमच्या घरातली कार्यं आता वेळेवर आटपतात, आणि ते कोणालाच आवडत नाही. परवा बायकोनं ढकललं म्हणून मीच भौतिकवादाची बाजू घेऊन बसलो. पाच मिनिटांत माझ्या वादाची गाडी चिखलात रुतली. काकाजींना ते पाहवेना. "तसं नाई, जवाईबापू," म्हणत त्यांनी ती बाजू स्वतःच मांडायला घेतली, शेठच्याच संथ आवाजात, एकेक पदर उलगडत. इतकी सुरेख मांडली, की मी सरसावून बसलो. शेवटी ते थांबले आणि म्हणाले, "आता सांग पटवारी, काय म्हणणं हाय तुहं?"

खोलीत पटवारी एकच होता.