दुसरी टाचणी गेलेली नाही

मंडळी, मागच्या महिन्यात मी इथे लिहिलं होतं की तारनाक्याच्या आमच्या कुंट्यावरून टाचणीची, म्हणजे चतुरासारख्या बारीक कीटकाची, दुसरी निळी जात नाहीशी झाली. माझं चुकलं.

ते मी बाबांच्या वहीवरून लिहिलं होतं. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून ते दर रविवारी त्या छोट्या तळ्यावर टाचण्या मोजतात. तिथे दोन जाती आहेत. दोन्ही निळ्या, दोन्ही काडीएवढ्या. फरक फक्त शेपटीच्या टोकाच्या हुकासारख्या बारीक आकड्यांत, तोही दुर्बिणीतून दिसणारा. तो मला बाबांनीच शिकवला.

आज बऱ्याच दिवसांनी मी सोबत गेले. समोरच्या गवतावर एक टाचणी बसली. बाबांनी दुर्बीण लावली आणि म्हणाले, "पहिलीच आहे." मी फोटो काढून मोठा करून बघितला. दुसरी होती. तासाभरात ती मला चारदा दिसली. बाबांना एकदाही नाही.

"डोळे तपासून घेऊ या का?" मी हळूच विचारलं.

"डोळ्यांना काय झालंय? कुंटा खराब झालाय."

मग त्यांनी वहीत दुसरीपुढे शून्य काढलं. ते चौकटीच्या बाहेर पडलं. "तुला दिसली का गं?"

मी नाही म्हटलं.

बाबाही या ग्रुपवर आहेत. पण अक्षरं बारीक असतात म्हणून हल्ली इथल्या पोस्ट मीच त्यांना वाचून दाखवते. संध्याकाळी ते विचारतील, आज काय लिहिलंस.

सांगा, मी काय वाचू?