ओटी देवीने भरली नाही

"दादांनी गडावर डोळे मिटून हाक मारली आणि साक्षात देवी धनगरणीच्या रूपाने समोर उभी राहिली. तिने ओटी भरली, आणि दादा वळून पाहतात तो कुणीच नाही!"

माझे धाकटे बंधू ही कथा वर्षभर इस्लामपुरात सांगत आहेत. परवा भजनाला जमलेल्या मंडळींनी ती ऐकून माझ्या पायांना हात लावला, तेव्हा मला राहवले नाही. मी हाक मारली नव्हती. डोळेही मिटले नव्हते. आणि बंधू त्या वेळी गडावर नव्हतेच. ते पायथ्याशी गाडीत घोरत होते.

घडले ते असे. आमच्या सौभाग्यवतींच्या हृदयाची शस्त्रक्रिया मंगळवारी ठरली होती. वाईजवळच्या पांडवगडावरील देवी हे तिच्या माहेरचे दैवत. "ओटी पोचल्याबिगर मी दवाखान्याची पायरी चढणार न्हाई," तिने निक्षून सांगितले, "आणि ती बाईच्या हातनं भरा. तुमी मधी पडू नका." मी या गोष्टी मानणारा नव्हे, पण तिचा हट्ट मला ठाऊक होता आणि डॉक्टर दिवस पुढे ढकलायला तयार नव्हते. रविवारी खासगी गाडी ठरवून निघालो. भावजय यायला सज्ज होती. "गड चढणे बायकांना झेपायचे नाही," असे म्हणून मीच तिला घरी ठेवले. वर पुजाऱ्याच्या घरची कुणी बाई असेलच, असे मी गृहीत धरले होते.

बंधूंनी आधी पायथ्याजवळची प्राचीन लेणी पाहण्याचा आग्रह धरला. दोन तास ते एकेका मोडक्या खांबाला हात लावून मला इतिहास शिकवत होते. त्यातला निम्मा चुकीचा होता. ऊन डोक्यावर आल्यावर म्हणाले, "दादा, माझे गुडघे धरले. तुमी व्हा म्होरं." मी एकटाच निघालो. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तो चढ मी सात ठिकाणी बसून चढलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

देवळात चिटपाखरू नव्हते. पुजारी नाही, त्याच्या घरचे कुणी नाही. देवीपुढे मी खण, नारळ, तांदूळ, हळकुंड मांडले आणि नुसता बसून राहिलो. परत जाऊन काय सांगणार होतो? खोटे बोललो असतो तर तिने माझ्या चेहऱ्यावरून ओळखले असते, आणि खरे सांगितले असते तर दवाखाना राहिला असता. आयुष्यभर मी इतरांना त्यांच्या चुका दाखवल्या. त्या दिवशी दाखवायला फक्त माझीच होती. देवीकडे मी काही मागितले नाही. माझ्याजवळ करण्यासारखे काही उरले नाही, एवढेच कबूल केले.

तेवढ्यात शेरडांमागून एक बाई आली. "आवं आजोबा, उन्हाचं कशापायी बसलाय?" मी सारे सांगितले. ती हसली. "आन् घरची बाई का न्हाई आणली?"

"चढ झेपणार नाही म्हणून."

"मी रोज दोनदा येती न्हवं!"

तिने मडक्यातल्या पाण्याने हात धुतले, पदर डोक्यावर घेतला आणि आमच्या भावजयीनेही भरली नसती इतक्या निगुतीने ओटी भरली. ती अंतर्धान वगैरे पावली नाही. एका चुकार शेळीला शिव्या घालत ती उतरणीला लागली आणि मी तिला वळणापर्यंत पाहत होतो.

शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. आता सौभाग्यवती पुन्हा मला हट्टाने दोन पोळ्या जास्त वाढतात. ती बाई नेमकी त्या वेळी कशी आली, याचे उत्तर माझ्याकडे नाही आणि मी ते शोधतही नाही. हात टेकल्याशिवाय काही गोष्टी पदरात पडत नाहीत, एवढे शिकलो. त्याबद्दल देवीचा आणि त्या बाईचा मी जन्माचा ऋणी आहे. परंतु त्या दोघी एकच होत्या, असे बंधूंनी पुन्हा म्हणू नये. ओंजळीत तांदूळ घेऊन ती थांबली होती आणि तिने विचारले होते, "कुणाच्या नावानं भरू?"

"आमच्या मंडळींच्या."

"त्यास्नी नाव न्हाई व्हय?"

देवीला नाव विचारावे लागले नसते. या बाईने विचारले. आणि लग्नातल्या उखाण्यानंतर बावन्न वर्षांत प्रथमच मी ते मोठ्याने उच्चारले: इंदुमती.